गेलेला करंट परत आला पाहिजे
गाडीच्या इग्निशनचे अर्थिंग : व्यापारी आणि कारागीर, दोघांनीही समजून घ्यावे असे

सिन्नर परिसरातील ज्या व्यापारी बंधूंचा माल आठवडे बाजारावर खपतो, त्यांचे निम्मे दुकान गाडीतच असते. कापड असो, चप्पल असो, भांडी असोत की कटलरी, पहाटे गाडी वेळेवर निघाली तर बाजारात मोक्याची जागा मिळते. ती उशिरा निघाली तर कोपऱ्यात बसावे लागते, आणि निघालीच नाही तर त्या दिवसाचा धंदा बुडतो. भाडे, हमाली आणि माणसाचा पगार मात्र चुकत नाही.

थंडीच्या दिवसांत निफाडचा पारा किती घसरला याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागतात. त्याच सुमारास गॅरेजवर एक ठराविक तक्रार येते, "सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही. धक्का मारला की लगेच चालू होते." मग खर्चाची रांग लागते. आधी प्लग बदलतात, नंतर कॉइल, मग कंडेन्सर, शेवटी बॅटरी. एवढे होऊनही चार दिवसांनी तक्रार पुन्हा उभी राहते. अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत दोष निघतो तो बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत, इंजिनाच्या पट्टीत किंवा एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली. म्हणजेच अर्थिंगमध्ये. ज्या वस्तूची किंमत सर्वांत कमी, तिच्याकडे लक्ष सर्वांत शेवटी जाते.

हा विषय अवघड नाही. ज्याला रोजमेळ लिहिता येतो त्याला तो समजतो. म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

अर्थिंग म्हणजे जमीन नव्हे

घरातील किंवा कारखान्यातील अर्थिंग खरोखर जमिनीत जाते. खड्डा करतात, तांब्याची किंवा लोखंडाची पट्टी पुरतात, मीठ-कोळसा घालतात. ते माणसाच्या सुरक्षिततेसाठी असते. गाडी मात्र रबरी टायरवर उभी असते आणि तिच्या विजेचा जमिनीशी काहीही संबंध नसतो. गाडीत अर्थ म्हणजे बॅटरीकडे परत जाण्याचा रस्ता. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि कॉइलला दोन-दोन तारा ओढण्याऐवजी कारखानदारांनी जाण्यासाठी तार ठेवली आणि परत येण्यासाठी गाडीचे लोखंडी अंगच वापरले. त्याला आपले कारागीर ‘बॉडी अर्थ’ म्हणतात.

व्यापाऱ्याला हे वसुलीच्या भाषेत सांगता येईल. माल बाहेर गेला तो नावे, पैसा परत आला तो जमा. माल कितीही गेला तरी वसुली अडली की धंदा बसतो. विजेचेही तसेच आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकातून निघालेला करंट निगेटिव्ह टोकात परत आलाच पाहिजे. जेवढा परत येईल तेवढाच पुढे जाईल. परतीच्या वाटेवर अडथळा असेल तर जाण्याची तार कितीही नवी आणि जाड असो, तिचा उपयोग नाही.

जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही गाड्यांत उलट पद्धत होती. त्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे. १९६० च्या दशकात ती प्रथा मागे पडली आणि आज सर्वत्र निगेटिव्ह अर्थच असतो. तरीही एखादी हौसेने ठेवलेली जुनी गाडी हाती आली तर बॅटरी जोडण्यापूर्वी हे आधी पाहून घ्यावे.

ठिणगीचा प्रवास

बॅटरी असते १२ व्होल्टची. प्लगच्या फटीतून, तेही दाबलेल्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणातून, ठिणगी उडवायला हजारो व्होल्ट लागतात. साधारण दहा-पंधरा हजार तर लागतातच, कधी त्याहून जास्त. हे काम कॉइल करते.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. जाड गुंडाळीतून करंट वाहत असतो तेव्हा गाभ्यात चुंबकशक्ती साठते. डेल्कोमधील पॉइंट उघडले की हा करंट एकदम तुटतो, चुंबकशक्ती कोसळते आणि बारीक गुंडाळीत प्रचंड दाबाची वीज तयार होते. ती मधल्या जाड वायरीने रोटरवर, तेथून ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगवर जाते.

ही रचना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती वापरली गेली. त्यांच्या कंपनीचे संक्षिप्त नाव होते डेल्को. आपल्याकडे डिस्ट्रिब्युटरला सगळे मेकॅनिक ‘डेल्को’ म्हणतात, ते याच कंपनीच्या नावावरून.

आता परतीची वाट पाहू. ती दोन ठिकाणी लागते. पहिली, पॉइंट मिटलेले असतानाची. बॅटरीतून किल्लीत, किल्लीतून कॉइलमध्ये, कॉइलमधून पॉइंटवर, तेथून डेल्कोच्या आतील प्लेटवर, प्लेटवरून डेल्कोच्या अंगात, डेल्कोतून इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकवरून पट्टीने बॅटरीच्या निगेटिव्हला. दुसरी, ठिणगी पडतानाची. प्लगच्या मधल्या टोकावरून ठिणगी बाहेरच्या टोकावर उडते, प्लगच्या आट्यांतून हेडमध्ये उतरते आणि इंजिनाच्या धातूतून पुन्हा कॉइलकडे येते. दोन्ही वाटा इंजिनाच्या अंगातून जातात. म्हणून इंजिन आणि बॅटरी यांच्यामधील जोड इग्निशनचा पाया आहे.

रबरावर बसलेले इंजिन

येथे अनेकांची समजूत चुकते. इंजिन लोखंडी, चासी लोखंडी, इंजिन चासीवर बसलेले, मग अर्थ आपोआप मिळतोच, असे वाटते. प्रत्यक्षात इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात. नाहीतर त्यांची थरथर सगळ्या गाडीला लागेल. रबरातून वीज जात नाही. म्हणूनच कारखान्यातून गाडी निघताना इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक जाड तार किंवा तांब्याच्या धाग्यांची विणलेली पट्टी दिलेली असते.

ही पट्टी आपल्या कापडवाल्यांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे तांब्याच्या शेकडो बारीक धाग्यांची वीण. इंजिन हलते म्हणून ती लवचीक ठेवतात. वर्षानुवर्षे वाकून-वाकून तिचे धागे टोकाजवळ एकेक करून तुटतात. वरून पट्टी शाबूत दिसते, आतून विरलेली असते. विरलेले कापड धुण्याला टिकते आणि ताण पडला की फाटते, तसाच हा प्रकार.

थोडा हिशेब

उर्दू शाळांत ज्याला ‘मुज़ाहमत’ म्हणून शिकवत आणि मराठी पुस्तकात जो ‘विद्युतरोध’ आहे, तो मोजतात ओहममध्ये. व्होल्टला ओहमने भागले की करंट मिळतो, अँपिअरमध्ये. एवढे एक सूत्र पुरेसे आहे.

समजा कॉइलच्या जाड गुंडाळीचा रोध ३ ओहम आहे. १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर करंट. आता डेल्कोच्या आतील प्लेटचा अर्थ खराब होऊन तेथे १ ओहमची भर पडली. एकूण ४ ओहम झाले, करंट ३ अँपिअर झाला. पाव भाग कमी झाला असे वाटेल. पण कॉइलमध्ये साठणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४ चा वर्ग १६ आणि ३ चा वर्ग ९. म्हणजे १६ आण्यांची ठिणगी ९ आण्यांची राहिली. गाडी सपाटीवर चालेल, पण भरल्या मालाने मोहदरी घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की मिस मारील, कारण दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडणे जड जाते.

दुसरे उदाहरण मुख्य पट्टीचे. सेल्फ फिरतो तेव्हा छोट्या गाडीतही शे-दीडशे अँपिअर करंट ओढतो. तो सगळा इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि पट्टीतूनच परत येतो. पट्टीत फक्त ०.०२ ओहमचा रोध आला, म्हणजे एका ओहमचा पन्नासावा भाग, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. सेल्फच्या ओढीने बॅटरी आधीच १० व्होल्टवर आलेली असते. त्यातून ३ गेले, कॉइलच्या वाट्याला उरले ७. करंट झाला सव्वादोन अँपिअरच्या आसपास आणि ठिणगीची शक्ती मूळच्या एक तृतीयांश. थंड इंजिन, जड ऑइल, नीट वाफ न झालेले पेट्रोल आणि त्यात ही दुबळी ठिणगी. गाडी कशी पकडणार?

आता धक्क्याचे कोडे सुटते. धक्का मारताना सेल्फ फिरत नाही, १५० अँपिअर ओढले जात नाहीत. पट्टीतून जातात फक्त कॉइलचे ४ अँपिअर. ४ गुणिले ०.०२ म्हणजे ०.०८ व्होल्ट. एवढे नुकसान कोणालाही कळत नाही. म्हणून ठिणगी खणखणीत पडते आणि गाडी लगेच चालू होते. ‘सेल्फने नाही, धक्क्याने लगेच’ ही तक्रार ऐकली की कॉइल बदलण्याआधी बॅटरीची ताकद आणि अर्थिंग या दोन गोष्टी तपासाव्यात.

तीच पट्टी बॅटरीचेही नुकसान करते. अल्टरनेटर इंजिनावर बसतो आणि त्याचा करंटही याच वाटेने फिरतो. ३० अँपिअरला ०.०२ ओहम म्हणजे ०.६ व्होल्ट वाया. तेवढ्याने बॅटरी पूर्ण भरत नाही, कायम अर्धपोटी राहते आणि लवकर मरते. मालक नवी बॅटरी आणतो, तीही त्याच वाटेने जाते.

केबलमधून धूर का येतो

यात केवळ पैशाचा नव्हे, जिवाचाही प्रश्न आहे. पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारे आणखी काय आहे? ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, क्लचची केबल, मीटरची केबल. या पातळ पोलादी तारा शंभर अँपिअरसाठी बनवलेल्या नाहीत. त्या तापतात, आवरण वितळते, धूर येतो, कधी केबल आतल्या आत चिकटते. ॲक्सिलरेटरची केबल अर्धवट ओढलेल्या स्थितीत चिकटली तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

आपल्या अनेक व्यापाऱ्यांकडे मारुती ओम्नी होती, काहींकडे अजूनही आहे. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून ती आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि लगेच पाठीमागे माल. त्यात बऱ्याच गाड्यांना एलपीजीचे किट. कापडाच्या गठ्ठ्यांना ठिणगी किती पुरते, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको. सेल्फ मारताना कोणतीही केबल हाताला गरम लागली किंवा रबर जळाल्याचा वास आला, तर गाडी पुढे नेऊ नये. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि इंजिनाची पट्टी पाहावी.

अर्थ कोठे आणि का जातो

सिन्नर तालुका पर्जन्यछायेतला. आठ महिने धूळ आणि पावसाळ्यात चिखल. धूळ बोल्टखाली बसते, तिच्यावर ओल चढते, तांबे आणि लोखंड एकत्र आले की गंज लवकर धरतो. पण नैसर्गिक गंजापेक्षा माणसाच्या हाताने होणारे दोष अधिक आढळतात. ते असे :

१. इंजिनाचे काम झाल्यावर पट्टी परत न बसवणे, किंवा ‘एक बोल्ट उरला’ म्हणून कोठेतरी अडकवणे.

२. डेंटिंग-पेंटिंगनंतर अर्थच्या जागेवर रंग मारणे आणि त्या रंगावरच थिंबल कसणे. रंग हा विजेला अडवणारा पदार्थ आहे. बोल्ट कितीही आवळला तरी खाली रंगाचा पापुद्रा राहतो.

३. बॅटरीच्या टोकावर पांढरा-हिरवा सल्फेट साठू देणे. वरून पुसले तरी क्लँपच्या आतल्या बाजूला तो तसाच राहतो.

४. थिंबल न दाबता तार नुसती पिळून बोल्टला गुंडाळणे.

५. डेल्कोच्या आतील छोटी अर्थ वायर तुटणे. व्हॅक्युम ॲडव्हान्सने आतील प्लेट सतत पुढे-मागे फिरते. तिला अंगाशी जोडणारी ही बोटभर वायर वाकून-वाकून तुटते. मग पॉइंटला अर्थ मिळतो तो फक्त फिरत्या भागांतून, कधी मिळतो, कधी नाही. ही वायर झाकणाखाली असल्याने कोणी पाहत नाही.

६. एलपीजी किट, टेप किंवा जादा दिवे बसवताना सगळ्यांचे अर्थ एकाच पत्र्याच्या स्क्रूला देणे.

लक्षणे

पुढील गोष्टी आढळल्या तर संशय प्रथम अर्थवर घ्यावा. बॅटरी चांगली असूनही सेल्फ मारताना दिवे एकदम मंद होणे. हॉर्न वाजवला किंवा हेडलाइट लावले की इंजिन मिस मारणे. इंडिकेटर लुकलुकतो तसा तापमानाचा काटा हलणे. खड्ड्यातून गाडी गेली की क्षणभर इंजिन बंद पडल्यासारखे होणे.

याउलट एकच सिलिंडर कायम बंद असेल तर दोष बहुधा त्या प्लगचा किंवा त्याच्या वायरीचा. गाडी थंड असताना उत्तम आणि तापल्यावर बंद पडत असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल पाहावे. प्रत्येक दुखण्याला अर्थ जबाबदार धरणे हेही तितकेच चूक. तपास करूनच बोलावे.

मीटरने तपास

डिजिटल मल्टिमीटर आता महाग राहिलेला नाही. ज्याच्या गाडीवर रोजी अवलंबून आहे त्याने तो घेऊन ठेवावा. पण तो ओहमवर लावून पट्टी तपासू नये. कारण शंभर धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असला तरी मीटर जवळजवळ शून्य ओहमच दाखवतो. मीटर इतका थोडा करंट सोडतो की त्याला एक धागा पुरतो. सेल्फला पुरत नाही. पायवाटेवरून एक माणूस जातो म्हणून तेथून ट्रक जाईल असे नव्हे. म्हणून तपास वजन टाकूनच करावा, म्हणजे करंट वाहत असताना, व्होल्टवर.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा. तपासात इंजिन चालू होऊ नये म्हणून डेल्कोच्या मधली हाय टेन्शन वायर काढून तिचे धातूचे टोक ब्लॉकला घट्ट टेकवून बांधावे. ती मोकळी लोंबत ठेवू नये. कॉइलची वीज बाहेर वाट न मिळाल्याने आतले आवरण फोडते. एमपीएफआय गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा.

मग मीटर २० व्होल्टच्या डीसीवर लावून :

पहिली मोजणी. काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लँपवर नव्हे. लाल टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. दुसऱ्याने सेल्फ मारावा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.५ पर्यंत चालेल, त्यापुढे दोष नक्की.

दुसरी मोजणी. लाल टोक खुंटावरून काढून क्लँपवर, मग तारेच्या थिंबलवर, मग बोल्टवर, मग ब्लॉकवर, असे पुढे-पुढे सरकवत न्यावे. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, दोष त्याच जोडात.

तिसरी मोजणी. किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, सेल्फ बंद. लाल टोक डेल्कोच्या अंगावर, मग आतील प्लेटवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. हे झटपट उरकावे, कारण या स्थितीत किल्ली फार वेळ चालू ठेवली तर कॉइल तापते.

मीटर नसेल तर जम्पर केबलची युक्ती आहे. केबलचे एक टोक आधी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे आणि दुसरे टोक मग इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून निघणारा वायू ज्वालाग्राही असतो, म्हणून शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू देऊ नये. एवढे करून सेल्फ मारला आणि गाडी झटकन पकडली, तर दोष अर्थमध्ये आहे हे सिद्ध झाले. घाटात अडकलेल्या माणसाला घरी पोचवायलाही हीच युक्ती उपयोगी पडते.

दुरुस्ती पक्की कशी करावी

बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी काढावे आणि जोडताना शेवटी लावावे. उलट केले आणि पान्हा बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. ज्या गाडीत कॉम्प्युटर आहे तिची किल्ली आधी बंद करावी.

जोडाच्या दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासाव्यात. थिंबल यंत्राने दाबून बसवलेले असावे. दातेरी वायसर घालावा, तो रंगात आणि गंजात रुतून धातू पकडतो. बोल्ट पूर्ण आवळल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवावा म्हणजे ओल शिरणार नाही.

नवी तार मूळ तारेएवढी किंवा तिच्यापेक्षा जाड असावी, कधीही बारीक नसावी. इंजिन हलते म्हणून थोडी सैल ठेवावी, पण सायलेन्सरला किंवा फिरत्या पट्ट्याला लागू देऊ नये. एक टोक थेट ब्लॉक किंवा गिअरबॉक्सच्या जाड बोल्टला, दुसरे चासीच्या जाड भागाला असावे. कार्बोरेटरचा स्टड, पेट्रोलची नळी किंवा पातळ पत्र्याचा स्क्रू ही अर्थची जागा नव्हे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन मॉड्यूल असेल तर त्याच्या बसण्याच्या जागेवरचा गंजही घासून काढावा, कारण अनेक गाड्यांत त्याचा अर्थ त्याच्या स्क्रूतूनच जातो.

स्कूटरची रीत उलटी

दुचाकीचे काम करणाऱ्या कारागिरांनी एक फरक ध्यानात ठेवावा. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकसारख्या मॅग्नेटोच्या जुन्या स्कूटरमध्ये किल्ली किंवा स्विच बंद केला की करंट तुटत नाही, उलट मॅग्नेटोची तार बॉडीला टेकवली जाते. वीज अर्थमध्ये जाते, प्लगला मिळत नाही, इंजिन थांबते. तेथे अर्थ मिळणे म्हणजे बंद पडणे. म्हणून अशी स्कूटर पावसात बंद पडली तर स्विचकडे जाणारी तार कोठे घासून उघडी पडली आहे का ते पाहावे. तीच स्थिती मोटारीत कॉइलपासून पॉइंटकडे जाणाऱ्या तारेची. ती बॉडीला लागली तर करंट तुटतच नाही, आणि तुटला नाही तर ठिणगीही नाही. नको तेथे अर्थ आणि हवा तेथे अर्थ नाही, दोन्हींचा परिणाम एकच.

डिझेल गाडीला प्लगची ठिणगी लागत नाही, तेथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. पण तिचा सेल्फ अधिक करंट ओढतो. म्हणून पिकअप आणि टेम्पोवाल्यांनीही पट्टीचा तपास टाळू नये.

नव्या गाड्या आणि वेल्डिंग

आजच्या गाड्यांत डेल्को राहिलेला नाही. अनेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि तिला ठिणगीचा हुकूम कॉम्प्युटर देतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर सेन्सर आणखी वाढले. हे सेन्सर अर्ध्या-एक व्होल्टच्या फरकावर बोलतात. अर्थमध्येच अर्धा व्होल्ट हरवला तर कॉम्प्युटरला चुकीची खबर मिळते, इंजिनाचा दिवा लागतो आणि चांगला सेन्सर बदलला जातो. म्हणजे गाडी जितकी नवी तितके अर्थिंगचे महत्त्व अधिक.

माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे सिन्नरला वेल्डिंगची कामे भरपूर. गाडीवर आर्क वेल्डिंग करताना तिची बॅटरी सोडावी, शक्यतो कॉम्प्युटरचे सॉकेटही काढावे, आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लँप जेथे वेल्डिंग करायचे त्याच्या अगदी जवळ लावावा. क्लँप मागच्या बंपरला आणि वेल्डिंग पुढच्या पत्र्याला, असे केले तर शेकडो अँपिअर गाडीच्या अंगातून, बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून फिरतात. असे एका वेल्डमध्ये कॉम्प्युटर गेलेल्या गाड्या गॅरेजवाल्यांनी पाहिल्या आहेत.

मजुरीचा प्रश्न

शेवटी धंद्याची गोष्ट. आपल्याकडे गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देते, अकलेचे देत नाही. कॉइल बदलली तर बिल निमूट भरले जाते. कारागिराने तासभर तपास करून एक बोल्ट घासला आणि मजुरी मागितली तर "एवढ्याचे एवढे?" असे विचारले जाते. मग काही जण तपास सोडून वस्तू बदलण्याचा मार्ग धरतात. यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि शिकाऊ मुलाचा हात कधीच तयार होत नाही.

यावर उपाय दोन्हीकडून व्हावा. कारागिराने दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा मीटरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा. आधी २.८ व्होल्ट होते, आता ०.१५ आहेत, हे पाहिल्यावर वाद राहत नाही. तो आकडा बिलावर लिहावा. कापडात जसा गज, तसा या कामात मीटर. आणि व्यापाऱ्याने अशा तपासाची मजुरी हसतमुखाने द्यावी, कारण तिने एका कॉइलचे, एका बॅटरीचे आणि एका बुडालेल्या बाजाराचे पैसे वाचवलेले असतात.

दिवाळीनंतर थंडी सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा, अशी वर्षातून दोन वेळा बॅटरीचे क्लँप, निगेटिव्ह तार, इंजिनाची पट्टी आणि जुन्या गाडीत डेल्कोची छोटी वायर, या चार जागा उघडून पाहाव्यात. काम अर्ध्या तासाचे आहे. इंजिनाचे किंवा रंगाचे काम करून गाडी परत घेताना तर गॅरेजमधून बाहेर पडण्यापूर्वीच पट्टी जागेवर आहे का, ते वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.